कपाटातल्या बेल्टला बुरशी का लागते? आणि न वापरताच तो सोलून कसा निघतो?

दिवाळीच्या तोंडावर कपाट आवरायला घेतलं की अनेक घरांत मे महिन्यातल्या लग्नात घातलेला लेदरचा बेल्ट सापडतो. ठेवला तेव्हा चकचकीत होता, आता त्यावर पांढुरकी-हिरवट बुरशी चढलेली असते. काही घरांत बुरशी नसते, पण बेल्ट हातात घेतला की वरचा काळा थर पापुद्र्यासारखा सुटून बोटांना चिकटतो. आणि रोजच्या वापरातला बेल्ट असेल, तर नेहमीच्या भोकापाशी त्याला आडवे तडे गेलेले असतात.

तिन्ही वेळा सल्ला एकच मिळतो: थोडं खोबरेल लाव. मोबाईलवर फिरणारे व्हिडिओही तेच सांगतात. पण या तीन तक्रारींची कारणं अगदी वेगळी आहेत. बुरशी ओलाव्यामुळे येते. तडे चामडं कोरडं पडल्यामुळे जातात. आणि पापुद्रे सुटणाऱ्या बेल्टचा वरचा थर चामड्याचा नसतोच, तो प्लास्टिकचा असतो. तेलाचा उपयोग यातल्या फक्त एका तक्रारीवर होतो, तोही बेतानं लावलं तर. बुरशी आलेल्या बेल्टला तेल लावणं म्हणजे बुरशीला जेवायला वाढणं.

म्हणून बेल्टची काळजी घेण्याआधी तो कशाचा आहे, हे कळायला हवं.

'जेन्युइन लेदर' लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

म्हशीचं किंवा गुराचं कातडं बरंच जाड असतं. कारखान्यात ते आडवं चिरून त्याचे दोन किंवा जास्त थर केले जातात. सगळ्यात वरच्या थरात, जिथे केसांची मुळं असतात, तंतूंची वीण बारीक आणि घट्ट असते. हा पृष्ठभाग न घासता तसाच ठेवला तर त्याला फुल ग्रेन म्हणतात. त्यावर रोमछिद्रं, जनावराच्या अंगावरचे ओरखडे, डासा-गोचिडांच्या चाव्याच्या खुणाही दिसू शकतात. वरून थोडं घासून एकसारखं केलेलं चामडं म्हणजे टॉप ग्रेन. खाली उरतो तो स्प्लिट. त्याला स्वतःचा गुळगुळीत पृष्ठभाग नसतो, म्हणून त्यावर पॉलीयुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा थर देऊन चामड्यासारखी नक्षी छापली जाते.

त्याखालची पायरी बाँडेड लेदर. चामडं कापताना पडलेला चुरा चिकटद्रव्यात मिसळून त्याचे ताव काढायचे आणि वर पुन्हा प्लास्टिकचा थर द्यायचा. लाकडाच्या भुशापासून बोर्ड बनवतात, तसाच हा प्रकार. आणि रेक्झिन किंवा 'पीयू लेदर' यात चामडं नावालाही नसतं, ते कापडावर चढवलेलं प्लास्टिक असतं.

'जेन्युइन लेदर' हा शिक्का यातला दर्जा सांगत नाही. त्या वस्तूत खरं चामडं आहे, एवढाच त्याचा दावा असतो. ते वरचं आहे की खालचं, किती जाड आहे, बेल्टच्या दोन्ही बाजूंना आहे की एकाच, यातलं काहीही त्यातून कळत नाही. बऱ्याच बेल्टमध्ये वर पातळ चामडं, खाली कृत्रिम अस्तर आणि मध्ये पुठ्ठ्यासारखं भरण असतं. असा बेल्ट दुकानात भरीव वाटतो, मात्र सहा महिन्यांत भोकापाशी फुगायला लागतो.

ओळखायचं कसं? बेल्टची कडा बहुतेकदा रंगानं झाकलेली असते, त्यामुळे भोकाच्या आत बघावं. तिथे तंतू दिसले तर चामडं आहे. कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. एकावर एक थर आणि मध्ये राखाडी पुठ्ठा दिसला, तर किंमत त्या हिशोबानं ठरवावी. दुसरी खूण पृष्ठभागाची. खऱ्या चामड्यावर दोन जागा हुबेहूब सारख्या नसतात, छापलेली नक्षी मात्र काही बोटांच्या अंतरावर परत परत येते. बेल्ट वाकवला की चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात.

रील्समध्ये दाखवतात ती लायटरची चाचणी विसरलेली बरी. बाँडेड लेदरमध्येही चामड्याचा चुरा असतोच, त्यामुळे तेही जळताना केस जळल्यासारखा वास देऊ शकतं. उलट चांगल्या चामड्यावरही वरून प्लास्टिकचा पातळ थर असू शकतो. निकाल काहीही लागला तरी बेल्टला डाग पडतो, तो वेगळाच.

खऱ्या चामड्यातही दोन घराणी आहेत. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. असं वनस्पतींनी कमावलेलं चामडं ताठ असतं, वापरून गडद होत जातं, पाण्याचा आणि तेलाचा डाग चटकन धरतं. बाजारातलं बहुतेक चामडं मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ असतं, पाणी आणि उष्णता जास्त सोसतं. कापलेल्या कडेत निळसर-राखाडी छटा दिसली तर ते क्रोमचं, आरपार तपकिरी असेल तर बहुधा वनस्पतीचं. ही ओळख पुढे तेल लावताना आणि भिजलेला बेल्ट वाळवताना कामी येते.

सोलून निघणारा बेल्ट वाचवता येतो का?

नाही. 'मी तर हा दोन-चारदाच घातला होता' ही तक्रार खरी असते, पण वापर न होणं हा बचाव नाही. पॉलीयुरेथेनच्या अनेक प्रकारांचे रेणू हवेतल्या बाष्पामुळे हळूहळू तुटतात. या प्रक्रियेला जलापघटन म्हणतात. बेल्ट कमरेला असो वा कपाटात, ती चालूच राहते, आणि उष्ण-दमट हवेत तिला वेग येतो. वर्षभर खोक्यात ठेवलेल्या बुटांचा तळ पहिल्याच दिवशी चुरा होऊन पडतो, त्यामागेही अनेकदा हेच कारण असतं.

असा बेल्ट एकदा चिकट लागू लागला किंवा सोलायला लागला की त्यावर तेल, पॉलिश, क्रीम काहीही लावून उपयोग नाही. गोंदानं पापुद्रे चिकटवले तर शेजारचे सुटतात. रेक्झिनचा बेल्ट घेण्यात गैर काही नाही. स्वस्त असतो, आणि ज्यांना चामडं नको असतं त्यांच्यासाठी तोच पर्याय असतो. फक्त तो 'खास प्रसंगासाठी' जपून ठेवू नये. घेतला तसा वापरून टाकावा.

बुरशी: आधी ती बुरशीच आहे ना, हे बघा

तपकिरी किंवा काळ्या बेल्टवर पांढरं काही दिसलं की ती बुरशीच असते असं नाही. चामडं कमावताना त्यात तेल-चरबी मुरवलेली असते. तिचा काही भाग कधीकधी वर येऊन पांढऱ्या, मेणासारख्या थरात गोठतो. थंडीत हे जास्त दिसतं. फरक ओळखणं सोपं आहे. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून काही सेकंद मारली, तर चरबीचा थर वितळून दिसेनासा होतो. बुरशी तशीच राहते. बुरशी केसाळ, ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिला ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येतो. चरबीचा थर कोरड्या मऊ कापडानं पुसला की काम संपलं.

खऱ्या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना रुजायला ओलावा लागतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी वाढू शकते. मुंबई, कोकण आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती सरासरी ८० टक्क्यांच्याही पुढे असते. खायला बेल्टवर सगळं तयारच असतं: चामड्यातली चरबी, अंगाचा घाम, पोटावरून आलेला तेलकटपणा, शर्टाची धूळ. म्हणून अगदी नव्या बेल्टपेक्षा वापरून न पुसता ठेवलेल्या बेल्टवर बुरशी लवकर चढते.

काढताना पहिला नियम असा की बेल्ट घरात झटकू नये. बीजाणू उडून बाकीच्या कपड्यांवर बसतात, आणि दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्रास होतो. गॅलरीत किंवा गच्चीवर न्यावा, नाकाला मास्क लावावा आणि जुन्या मऊ ब्रशनं किंवा कोरड्या कापडानं बुरशी झाडावी. ते कापड परत वापरू नये.

मग औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात कापडाचा बोळा भिजवावा, घट्ट पिळावा आणि बेल्ट दोन्ही बाजूंनी पुसावा. भोकांच्या कडा, शिवण आणि बक्कलाखालची दुमड विसरू नये, बुरशी परत येते ती तिथूनच. स्पिरिटनं काही बेल्टचा रंग किंवा चकाकी जाते, त्यामुळे आधी आतल्या बाजूला एका कोपऱ्यात लावून बघावं. स्पिरिट पेट घेतं, हे काम गॅसजवळ नको. पुसल्यावर बेल्ट सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवावा. तेल किंवा क्रीम लगेच लावायचं नाही, काही दिवस थांबून बुरशी परत येत नाही ना हे बघून मगच.

काळे डाग राहिले तर ते बहुधा कायमचे. बुरशीचा रंग चामड्यात मुरलेला असतो. ब्लीचनं ते काढायला गेलं तर डागासकट बेल्टही जातो.

तडे आणि तेलाचा प्रश्न

चामडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची गुंफण. तंतू एकमेकांवर सरकत राहावेत म्हणून कमावतानाच त्यात तेल मुरवतात. उष्णता, घाम आणि काळ यांनी ते कमी होत जातं, तंतू एकमेकांवर घासतात आणि शेवटी तुटतात. बेल्टवर सगळा ताण रोजच्या त्या एका भोकावर येतो, म्हणून पहिला तडा तिथेच.

तडा गेला की तो भरून येत नाही. चामडं कातडं असलं तरी जिवंत नाही, जखम भरण्याची सोय त्यात राहिलेली नसते. तेल-क्रीम पुढचे तडे लांबवतं, झालेले मिटवत नाही.

गावाकडे वहाणांना तेल पाजायची पद्धत होती, आणि ती चुकीची नव्हती. ते चामडं जाड, वर कसलाही थर नसलेलं, चिखल आणि ऊन सोसणारं असायचं. बेल्टचं तसं नाही. त्यावर बहुतेकदा रंगाचा आणि चकाकीचा थर असतो, तेल आत मुरतच नाही, वर साचतं आणि तिथून शर्टावर आणि पँटवर उतरतं. वनस्पतीनं कमावलेल्या चामड्यात ते मुरतं खरं, पण रंग कायमचा गडद होतो आणि जास्त झालं तर बेल्ट लुळा पडून ताणला जातो. खोबरेल तर साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं, म्हणजे हिवाळ्यात बेल्टवर पांढरा थर दिसणार आणि घरात परत बुरशीची चर्चा होणार.

त्यापेक्षा बुटांच्या दुकानात मिळणारं रंगहीन लेदर क्रीम किंवा कंडिशनर बरं. एका बेल्टला वाटाण्याएवढं पुरतं. आधी बेल्ट ओलसर कापडानं पुसून वाळू द्यावा, मग क्रीम कापडावर घेऊन पातळ चोळावं, काही तासांनी उरलेलं पुसून टाकावं. वर्षातून दोनदा पुरे: एकदा पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या सुमारास, एकदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला. भर पावसाळ्यात लावू नये. बुटाचं काळं-तपकिरी पॉलिश बेल्टला लावायचा मोह टाळावा. बूट कशाला घासत नाहीत, बेल्ट दिवसभर शर्टाला घासतो.

हा सल्ला सगळ्या महाराष्ट्राला सारखा लागू नाही. रत्नागिरीत बेल्टचा शत्रू ओलावा आहे, तर नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यातली कोरडी हवा. विदर्भात उन्हाळ्यातली क्रीमची फेरी चुकवू नये, कोकणात एकवेळ ती चुकली तरी चालेल.

भिजला तर

पाऊस अंगावर घेऊन घरी आल्यावर बेल्ट पँटमधून लगेच काढावा, सुक्या कापडानं टिपावा आणि सपाट जागेवर सावलीत पंख्याखाली ठेवावा. वाळायला एक-दोन दिवस लागतात. घाई करून इस्त्री फिरवणं, फ्रीजच्या मागे टाकणं किंवा हेअर ड्रायर जवळ धरून ठेवणं म्हणजे बेल्ट वाया घालवणं. ओल्या चामड्यातलं कोलॅजन ठरावीक तापमानाला आकसतं. वनस्पतीनं कमावलेलं चामडं ७०-८० अंशांच्या आसपासच आकसू लागतं, आणि इस्त्री त्याच्या कितीतरी पुढे जाते. आकसलेलं चामडं कडक होतं, परत मऊ होत नाही. क्रोमचं जास्त सोसतं, पण त्याच्यावरचा थर सोसेलच असं नाही. बेल्ट धुण्याच्या मशीनमध्ये गेला असेल, पँटसोबत अनेकदा जातोच, तर तीच पद्धत. वाळल्यावर क्रीम लावावं, आणि पुठ्ठ्याचं भरण फुगलं असेल तर आशा सोडावी.

ठेवायचा कसा?

सगळ्यात चांगली जागा खुंटी किंवा हुक. बक्कलानं अडकवायचा, सरळ लोंबू द्यायचा. जागा नसेल तर सैल वेटोळं करून खणात ठेवला तरी चालतो. घडी मात्र कधीही घालू नये, घडीच्या रेषेवर पुढे तडा जातो. पँटमध्येच ठेवायची सवयही वाईट, बक्कलाच्या वजनानं बेल्ट एकाच जागी वाकून राहतो आणि घाम वाळत नाही.

ऑफिसातून आल्यावर बेल्ट थेट कपाटात ठेवू नये. रात्रभर बाहेर टांगावा, सकाळी ठेवावा. दोन बेल्ट आलटून पालटून वापरले तर दोन्ही जास्त टिकतात, कारण प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो.

नव्या बेल्टसोबत आलेली प्लास्टिकची पिशवी फेकून द्यावी. 'हवा लागणार नाही' म्हणून लोक त्यात बेल्ट बांधून ठेवतात, पण पिशवीत बेल्टसोबत ओलावाही बंद होतो. जुन्या सुती उशीचा अभ्रा त्याहून कितीतरी चांगला. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल आणि ती भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल, तर कपाट चार बोटं पुढे ओढावं. पाऊस उघडेल त्या दुपारी दारं उघडून पंखा लावावा. एवढ्यानं जेवढा फरक पडतो, तेवढा डांबराच्या गोळ्यांनी पडत नाही. त्या कसर आणि झुरळांसाठी आहेत, हवेतला ओलावा त्या कमी करत नाहीत. कापूर, लवंगा, कडुलिंबाचा पाला यांचंही तेच.

सिलिका जेलच्या पुड्या ओलावा खरोखर शोषतात, पण घट्ट झाकणाच्या डब्यातच. दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या कपाटात दोन पुड्या टाकणं म्हणजे समुद्राकाठी टॉवेल वाळत घालण्यासारखं. शिवाय त्या भरतात. रंग बदलणारे दाणे असतील तर ते केव्हा भरले हे दिसतं. बाजारात मिळणारे, तळाशी पाणी साठवणारे डबे कपाटात चालतात. मात्र त्यातलं पाणी कॅल्शियम क्लोराइडचं असतं, ते बेल्टवर सांडलं तर चामडं आणि बक्कल दोन्ही खराब होतात. डबा खाली, बेल्ट वर, आणि दोघांत अंतर.

बक्कल, भोकं आणि गटई कामगार

पितळी बक्कलाला चामडं टेकतं तिथे कधीकधी हिरवट मेण जमतं. ती बुरशी नाही. पितळातलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांच्या संयोगातून ते तयार होतं. लाकडी दातकोरणीनं खरवडून कोरड्या कापडानं पुसावं. बक्कलाला धातूचं पॉलिश लावायचं असेल तर आधी ते बेल्टपासून वेगळं करावं. अनेक बक्कलांना त्यासाठी मागे छोटा स्क्रू किंवा टिचबटण असतं. बेंबीखाली खाज सुटून चट्टा उठत असेल, तर कारण बहुधा बक्कलावरचा निकेलचा मुलामा असतं. बेल्ट तोच ठेवून बक्कल बदलता येतं, पण चट्टा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा.

पाच भोकांच्या बेल्टचं माप बक्कलापासून मधल्या भोकापर्यंत धरतात. म्हणजे घेताना मधल्या भोकात बसणारा बेल्ट बरोबर. शेवटच्या भोकात बसत असेल तर तो आखूड आहे, आणि ताण टोकावर येणार. नवं भोक घरी खिळ्यानं पाडू नये. खिळा चामडं कापत नाही, बाजूला ढकलतो, आणि तिथून फाट सुरू होते. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या गटई कामगाराकडे गोल भोक पाडायचा पंच असतो. उसवलेली शिवण, सैल झालेली कडी, बक्कलाची तुटलेली जीभ हीही त्याच्याकडची नेहमीची कामं. बेल्ट लांब असेल तर तो टोकाकडून नव्हे, बक्कलाकडून कापून घ्यावा, म्हणजे टोकाचा आकार आणि भोकं जागच्या जागी राहतात. सोललेल्या बेल्टचं बक्कल धड असेल तर तेही सोबत न्यावं. रुंदी जुळली तर नव्या पट्ट्याला ते बसतं.